काडी विझली की तयार

बुलेल्वा मासळीच्या दुकानात शिरली आणि तिच्या मागोमाग वाराही शिरला. भर जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, डोंगराकडून उतरून अंग भाजून काढणारा तो कोरडा वारा. सकाळी लोक लोकरी टोप्या घालून कामावर गेले होते आणि अकरा वाजता त्याच टोप्यांनी घाम पुसत होते.

"बर्फ," ती म्हणाली. "दोन पिशव्या. मोठ्या."

काउंटरमागचा तरुण हेक मासा साफ करत होता. त्यानं सुरी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मासा कुठला आहे?"

"मासा नाही."

"मग पार्टी?"

"नाही."

"मग एवढा बर्फ कशाला, सिसी? घरात कुणाला ताप चढलाय का?"

"हो," बुलेल्वा म्हणाली. "बादलीला."

तो हसला. एका बाजूनं सुरू झालेलं हसू दुसऱ्या बाजूला पोचायला वेळ लागावा, असं. बुलेल्वाला हसायला अजिबात वेळ नव्हता, पण ते हसू पूर्ण होईपर्यंत ती थांबली खरी!

"बादलीत बिअर आंबतेय," तिनं सांगून टाकलं. "अठरा डिग्रीवर ठेवायची आहे. आता सव्वीस झालेत. तीसवर गेली की यीस्टला घाई सुटते, आणि घाईत केलेल्या बिअरचं मातेरं होतं. चव तिखट, वर डोकेदुखी. आणि आज आमच्याकडे दिवसभर वीज नाही. कळलं, भुती? आता बर्फ."

"कळलं. पण टॅक्सीत मांडीवर घेऊन बसलात तर घरी पाणीच पोचेल. कुठं राहता?"

"क्वाझाखेले."

"मला न्जोली चौकात माल द्यायचाच आहे." तो आत वळून ओरडला, "मी चाललो न्जोलीला!" आतून कुणीतरी ओरडलं, "तिथला माल उद्याचा आहे!" त्यानं ते ऐकलंच नाही.

पिकअपमध्ये मासळीचा वास होता आणि दोघांच्या मधे बर्फाच्या पिशव्या. त्याचं नाव लुखान्यो. दुसऱ्या सिग्नलला त्यानं अगदी सहज, खिडकीबाहेर बघत विचारलं, "कूळ कुठलं तुमचं?"

मुलगा मुलीचं कूळ का विचारतो हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एकाच कुळातली दोघं म्हणजे भाऊबहीण, विषय तिथंच मिटतो. बुलेल्वानं मुद्दाम एक सिग्नल जाऊ दिला.

"भेले," ती म्हणाली. "तुमचं?"

"द्लोमो." आणि त्यानं एवढा मोठा श्वास सोडला, की समोरची काच धूसर झाली.

"एवढं काय झालं, भुती?"

"काही नाही. फक्त आता भाऊ समजून भुती म्हणू नका. मला एक धाकटी बहीण आहे, तेवढी पुरे."

बर्फ पोचला तेव्हा बादली सत्तावीसवर होती. टबात पाणी, पाण्यात बर्फ, बर्फात बादली आणि बादलीभोवती ओला टॉवेल. त्याचं एक टोक पाण्यात सोडलेलं, म्हणजे टॉवेल आपणच पाणी ओढत राहील. लुखान्यो दारात उभा राहून बघत होता. बादलीवर चिकटवलेल्या पट्टीवर आकडा उतरू लागला. पंचवीस, चोवीस... बुलेल्वाच्या कपाळावरची आठी मात्र एकोणीसला सुटली.

"हे सगळं कशासाठी चाललंय?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. शहरात नदीच्या दरीत एक छोटी ब्रूअरी होती. तिच्या मालकीणबाईंचं आडनाव फेब्रुवारी. त्यांना हाताखाली माणूस हवं होतं. बुलेल्वानं अर्ज केला तेव्हा बाई म्हणाल्या, कागद मला वाचता येत नाहीत, बिअर वाचता येते. पाच आठवड्यांनी, शनिवारी, घरी बनवलेल्या सहा बाटल्या घेऊन ये. बिअर पसंत पडली तर नोकरी. नाही तर केप टाऊनला भावानं कॉल सेंटरमध्ये जागा बघून ठेवलीच होती, दिवसभर कानाला फोन लावून अनोळखी माणसांच्या शिव्या खायच्या. बसही त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी होती.

"मी जाणार नाही," बुलेल्वा म्हणाली. "मला इथंच राहून हेच करायचंय."

"मग नका जाऊ," लुखान्यो म्हणाला, आणि आपण हे जरा जास्तच जोरात बोललो असं वाटून बर्फाच्या पिशव्यांच्या घड्या घालू लागला.

घर बुलेल्वाच्या आत्याचं. सगळी वस्ती तिला माभेले म्हणे. बाई माहेरच्या कुळाच्या नावानंच ओळखली जाते, आणि माहेर एकच असल्यामुळे तशी बुलेल्वाही माभेलेच. पण आत्यासमोर ते नाव लावायची कुणाची छाती नव्हती. ज्वारीच्या माल्टची आणि मक्याच्या पिठाची तिची दाटसर, आंबूस उम्कोम्बोथी क्वाझाखेलेत कुठल्याही कार्याला लागायचीच. ती पिंपाला गोधडी गुंडाळायची, थर्मामीटर म्हणून कोपर वापरायची आणि बिअर झाली की नाही ते आगकाडीला विचारायची. पेटती काडी पिंपाच्या तोंडाशी धरायची. जळत राहिली तर अजून अवकाश आहे. फुस्सकन विझली तर बिअर तयार, बोलवा पाहुणे.

बुलेल्वा त्या काड्या बघत मोठी झाली होती. सगळी गडबड झाली ती त्यामुळेच.

पाचव्या दिवशी तिनं बादलीत काचेची तरंगती नळी सोडली. बिअरमध्ये साखर किती उरलीय ते ही नळी सांगते. साखर संपत जाते तशी ती खोल बुडते. नळी बरीच वर तरंगत होती.

"काचेला काय कळतंय?" आत्या म्हणाली आणि तिनं काडी ओढली. झाकण उघडलं, काडी आत नेली. फुस्स. "झाली. भर."

बुलेल्वानं नळीकडे पाहिलं, विझलेल्या काडीकडे पाहिलं, आणि काडीवर विश्वास ठेवला. चोवीस मोठ्या बाटल्यांत बिअर भरली, फेसासाठी लिटरला सहा ग्रॅम साखर घातली, बुचं ठोकली आणि बाटल्या मागच्या खोलीत रचल्या.

आत्या सहा दिवस बिअर करायची आणि गुरुवारी प्रार्थना, दोन्हीकडचा देव एकच असं तिचं म्हणणं. पुढच्या गुरुवारी पुढच्या खोलीत चर्चच्या चौदा बायका लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घालून गुडघ्यांवर बसल्या होत्या. प्रार्थना रंगात आली आणि मागच्या खोलीत पहिली बाटली फुटली.

"गोळीबार!" कुणीतरी किंचाळलं. चौदा बायका जमिनीवर आडव्या झाल्या. दुसरी बाटली. तिसरी. मग एकदम पाच. पाद्रीणबाई सोफ्याखाली जायला बघत होत्या आणि सोफा त्यांना घ्यायला तयार नव्हता. दाराखालून फेस आला, ओघळत ओघळत लाल ब्लाउजांपर्यंत पोचला, तेव्हा कुठं बायकांना कळलं की हे चोर नाहीत, ही बुलेल्वा आहे.

"माझी बिअर," पाहुण्या गेल्यावर आत्या म्हणाली, "आजवर कुणाच्या अंगावर धावून गेली नाही." एवढंच बोलली. ते पुरेसं होतं.

दुपारी लुखान्यो आला. वस्तीत बातमी बर्फापेक्षा लवकर पोचते. बुलेल्वा हातात झाडू घेऊन काचांच्या ढिगापुढे बसली होती. ती रडलेली होती, आणि ते त्याला दिसू नये म्हणून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"किती वाचल्या?"

"एकही नाही."

तो तिच्या शेजारी क्रेटवर बसला. काचेचे चार तुकडे वेचले. मग म्हणाला, "एक विचारू? मला यातलं काही कळत नाही. ती आत्याची काडी... का विझते?"

"आतून वायू येतो ना. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं. त्या वायूत आग जगत नाही."

"म्हणजे यीस्टचा श्वास."

"तसंच म्हण."

"श्वास चालू आहे, म्हणजे ते जिवंत आहे."

"जिवंत आहे म्हणजेच..." बुलेल्वा थांबली. तिनं मान वळवली, आणि आपले डोळे लाल आहेत हे साफ विसरून त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजेच ते अजून खातंय! संपलेलंच नाही! अरे, आत्याची बिअर जिवंत असतानाच प्यायची असते. तिला कुणी बाटलीत कोंडत नाही. माझी शांत झाल्यावर कोंडायची. मी तिला ऐन घाईत असताना कोंडलं, वर आणखी साखर खायला घातली! काडी खोटं बोलली नाही रे. मीच तिला भलतं विचारलं."

ती उठली. ब्लाउजाच्या बाहीनं तोंड पुसलं. कपाटात एकाच खेपेपुरता माल्ट होता आणि यीस्टचं एकच पाकीट. शनिवारला तेवीस दिवस उरले होते.

"नऊ दिवस आंबवायला, तेरा बाटलीत," ती म्हणाली. "उद्या चूल पेटवते. बसतंय."

"काही चुकलं तर?"

"चुकायला दिवसच शिल्लक नाही."

लुखान्योला त्या क्षणी जे वाटलं ते त्यानं नंतर बहिणीला सांगितलं. तो म्हणाला, मुलगी आवडायची ती मला दुकानातच आवडली होती. पण त्या दिवशी मला तिची भीती वाटली, आणि मग काही इलाजच उरला नाही.

त्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ बर्फ आणू लागला. न्जोली चौकातल्या गिऱ्हाइकांना आपल्याला एवढी मासळी का मिळतेय ते कळेना.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तो वारा सुटला आणि पुन्हा वीज गेली. बादली एकोणीस, वीस, एकवीस. दहा वाजले, बर्फ नाही. अकरा वाजले. बुलेल्वा टॉवेल भिजवत होती, पुठ्ठ्यानं वारा घालत होती, आणि आपण नक्की बर्फाची वाट बघतोय की बर्फवाल्याची, हा प्रश्न मनात आला की पुठ्ठा जोरात हलवत होती.

पावणेबाराला पिकअप आली. लुखान्योचा शर्ट गळ्यापर्यंत भिजलेला.

"दुकानातलं मशीन बंद पडलं. धक्क्यावर गेलो. एक बोट नुकतीच लागली होती, तिच्या पोटातून फावड्यानं काढून आणला." बर्फाबरोबर दोन बांगडेही आले होते, तेही डोळे वटारून. "माफ कर, उशीर झाला."

तिनं त्याचा हात पाहिला. बोटं पांढरी पडली होती. ती उठली, थर्मामीटर घेतला आणि त्याच्या तळव्यावर ठेवून त्याची मूठ मिटली. वर आपला हात ठेवला, थर्मामीटर पडू नये म्हणून. निदान कारण तरी तेच होतं.

"किती?" त्यानं हळूच विचारलं.

"बारा."

"माझ्यात बिअर आंबेल?"

"बाराला यीस्ट झोपतं."

"मी नाही झोपलोय."

"दिसतंय," बुलेल्वा म्हणाली. आकडा चौदावर गेला, पंधरावर गेला. अठरा झाल्यावरही तिनं हात काढला नाही. मग आत्या अंगणातून खोकली, गरजेपेक्षा बरंच मोठ्यानं, आणि दोघांना एकदम बांगडे आठवले.

नवव्या दिवशी काचेची नळी खोल बुडाली होती. सहाव्या दिवशी जिथं होती, अगदी त्याच रेघेवर. तीन दिवस रेघ हललेली नव्हती. आत्या काडेपेटी घेऊन आली तशी बुलेल्वानं तिच्या हातावर हात ठेवला. "दाबावो," आत्याला ती हेच म्हणायची, "या वेळी काचेला बोलू दे." आत्यानं नाक मुरडलं, पण काडेपेटी खिशात टाकली.

साखर तोलली. सोनाराच्या काळजीनं तोललेली साखर पाण्यात उकळून, निववून बिअरमध्ये सारखी मिसळली, म्हणजे एका बाटलीला उपास आणि दुसरीला मेजवानी नको. बुचं ठोकली. लुखान्यो संध्याकाळी बर्फ घेऊन हजर झाला.

"आता बर्फ नको," बुलेल्वा म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... मी येऊ नको?"

"बर्फ नको म्हटलं. आता गार पडून चालणार नाही. उरलंसुरलं यीस्ट बाटलीत जागं राहायला हवं, तरच फेस येईल. तेरा दिवस वीस डिग्री. आता मला ऊब हवीय."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले. लुखान्योलाही आले. त्यानं जमिनीकडे पाहिलं, तिनं छपराकडे पाहिलं.

"बाटल्यांना," ती म्हणाली.

"हो हो. बाटल्यांना."

दुसऱ्या दिवशी तो थर्माकोलच्या चार पेट्या घेऊन आला, बर्फात घातलेली मासळी ज्यात पाठवतात त्या. "ही पेटी गारवा बाहेर जाऊ देत नाही," तो म्हणाला, "मग ऊब का जाऊ देईल? मधे गरम पाण्याची पिशवी ठेवायची. आणि समज, फुटल्याच, तर काच आतच राहील. पाद्रीणबाईंना सोफ्याखाली जायला नको."

बुलेल्वा पहिल्यांदा खळखळून हसली. मग तिनं पेटीत डोकं घालून वास घेतला. "माझ्या बिअरला मासळीचा वास लागला तर तुला त्याच पेटीत भरून परत पाठवीन."

"तीन वेळा धुतल्यात. लिंबानं."

जुलैचा गारठा पडला. रोज पहाटे आणि संध्याकाळी ती पाणी गरम करायची, पिशव्या बदलायची. लुखान्यो आता कसलंच कारण न घेता यायचा. कुणी काही विचारलं नाही. भावाचा फोन आला. तिकीट काढलंय, रविवारी सकाळी सातची बस, बॅग भर. बुलेल्वानं बॅग भरली नाही, पण ती पलंगाखालून काढून भिंतीशी ठेवली. लुखान्योला ती दिसली. त्या संध्याकाळी पिशव्यांतलं पाणी त्यानं दोनदा बदललं.

शनिवारी सकाळी अंगणात आत्याचं मोठं पिंप गोधडीत गुंडाळून उभं होतं.

"हे कशाला?" बुलेल्वानं विचारलं.

"राहिलीस तर आनंदाची, गेलीस तर निरोपाची. पिंप तेच," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "जा. ताठ उभी राहा. पुटपुटू नकोस."

फेब्रुवारीबाई उंच, केस पिकलेल्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. त्यांनी सहापैकी एक बाटली उचलली, उजेडाकडे धरली आणि बूच काढलं. बुलेल्वाचे खांदे आपोआप कानांपर्यंत गेले. फस्स... बस्, एवढाच आवाज. बाईंनी ओतली. पांढरा फेस ग्लासात चढला, काठाशी थांबला, आणि थांबूनच राहिला. खाली तांबूस बिअरमधून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती.

बाईंनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग खुर्ची ओढून बसल्या.

"वायू किंचित जास्त आहे."

"हो, मॅडम."

"पुढच्या वेळी साखर अर्ध्या ग्रॅमनं कमी कर." त्यांनी ग्लास नाकाशी धरला. "चव मात्र स्वच्छ आहे. गेल्या पाच आठवड्यांत दोनदा तो वारा आला, निम्म्या शहराची बिअर बिघडली. तुझ्याकडे थंड करायचं यंत्र आहे?"

"नाही, मॅडम. टब, टॉवेल आणि..." बुलेल्वानं दाराबाहेर पाहिलं. पिकअपला टेकून कुणीतरी तिसऱ्यांदा तेच नख चावत होतं. "आणि एक बर्फवाला."

बाईंनी चष्मा लावून त्या दिशेनं नीट पाहिलं. "यंत्रं बिघडतात," त्या म्हणाल्या. "तो सांभाळून ठेव. सोमवारी आठला ये."

पिकअप घराशी थांबण्याआधीच आत्या फाटकात होती. बुलेल्वानं फक्त मान हलवली. आत्यानं तिला असं आवळलं की तिचा श्वासच कोंडला, मग डोळे पुसून काडेपेटी तिच्या हातात दिली. "चल. माझ्या पिंपाला तुझ्या काचा चालत नाहीत."

बुलेल्वानं काडी पेटवून पिंपाच्या तोंडाशी धरली. फुस्स. आत्या ओरडली, "तयार!" आणि शेजारपाजार वाडगे घेऊन निघाला.

"माभेले," मागून लुखान्योचा आवाज आला.

"हं?" आत्या वळली.

"तुम्ही नाही..." तो अडखळला. कान तांबडे झाले होते. "धाकट्या माभेले."

आत्यानं त्याला नखशिखान्त पाहिलं, पिंपातून एक वाडगा भरला आणि शेजाऱ्यांकडे निघून गेली.

"मला तुझ्यासारखं बोलता येत नाही," लुखान्यो म्हणाला. "तू उद्या बसनं गेली असतीस तर मी... मला माहीत नाही मी काय केलं असतं. रोज न्जोलीला मासळी नेली असती बहुतेक. उगाचच." त्यानं तिच्या हातातली काडेपेटी घेतली, काडी ओढली आणि दोघांच्या मधे धरली. ज्योत सरळ जळत राहिली. मग त्यानं हळूच फुंकर घातली.

"विझली," तो म्हणाला. "तयार."

"लबाडा! फुंकर मारलीस!"

"माझाच श्वास आहे तो."

बुलेल्वा विझलेल्या काडीकडे बघत राहिली. धुराची बारीक रेघ दोघांच्या मधून वर जात होती.

"ऐक," ती म्हणाली. "ही काडी विझली म्हणजे तयार, हा आत्याचा नियम. माझा नियम वेगळा आहे. काडी विझली, म्हणजे आत अजून काहीतरी चालू आहे. घाई करायची नाही, ते शांत होईपर्यंत थांबायचं."

त्याचा चेहरा पुन्हा पडला. "मग... किती दिवस थांबायचं?"

"मी थांबून पाहिलं ना. त्या थर्मामीटरच्या दिवसापासून पाहतेय." तिनं त्याच्या हातातली काडी काढून घेतली, आणि मग हात तसाच धरून ठेवला. "माझं काही शांत होत नाही, द्लोमो. मला तू आवडतोस. आत्याचाच नियम लावू."